पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर सुटतंय, चार कॉन्ट्रॅक्टर आले आणि चौघांचे चार सल्ले, कुणाला काम द्यावं?

कळंबारोडकर:
नमस्कार मंडळी. घर कोल्हापुरात कळंबा रोडच्या आतल्या कॉलनीत आहे, 1998 ला वडिलांनी बांधलेलं, तळमजला आणि वर एक मजला, आरसीसी फ्रेम, बाहेरच्या भिंती 9 इंची विटेच्या आणि बाहेरून सँडफेस प्लास्टर. वडील आता नाहीत. बाकी तीन बाजू ठीक आहेत पण पश्चिमेची भिंत गेली चार-पाच वर्षं त्रास देतेय, पावसाळ्यात आतून ओल येते, रंगाला फुगे धरतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे निघून खाली पडतात. त्याच भिंतीला लागून आईची खोली आहे आणि तिला दमा आहे, त्यामुळं यंदा काहीही करून हे काम संपवायचंच आहे.

दोन वर्षांपूर्वी एकाला काम दिलं होतं. त्यानं बाहेरून वॉटरप्रूफ पेंटचे दोन हात मारले, पैसे पूर्ण घेतले, पहिला पावसाळा बरा गेला आणि दुसऱ्या पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त ओल आली. आता तो फोन उचलत नाही.

आता पाऊस उघडलाय म्हणून दसऱ्यापासून चार जणांना बोलावून भिंत दाखवली. पहिला म्हणाला टेक्स्चर मारूया, दोन दिवसांत काम, भेगाबिगा सगळ्या झाकून जातील. दुसरा म्हणाला सगळं प्लास्टर उतरवून नवीन करायचं, लेबर रेट 45 रुपये स्क्वेअर फूट, मटेरियल तुमचं. तिसरा व्यवस्थित छापील कोटेशन घेऊन आला, मटेरियल आणि परांचीसकट 110 रुपये फूट, दहा वर्षांची गॅरंटी, पण निम्मे पैसे आधी. भिंत 24 फूट रुंद आणि 22 फूट उंच, म्हणजे त्याचे साधारण 58 हजार होतात. चौथे एक वयस्कर गवंडी, शेजारच्यांनी पाठवलेले. त्यांनी भावच सांगितला नाही. आल्या आल्या म्हणाले आधी गच्चीवर चला. वर अर्धा तास फिरले, खाली येऊन भिंत ठोकून बघितली आणि म्हणाले दिवाळी झाली की येतो, तोवर गच्चीच्या कडेला पाणी तुंबवून बघा. भाऊ म्हणतोय त्यांच्याकडे ना कार्ड ना बिलबुक, कसा विश्वास ठेवायचा, तिसऱ्यालाच देऊया. मला काही ठरवता येईना. जाणकारांनी सांगा.

ओळंबा:
मी 31 वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, आता घरीच असतो, म्हणून सविस्तर लिहितोय, वाचा शांतपणे.

तुमच्या चौघांपैकी पाणी कुठून येतंय हा प्रश्न फक्त चौथ्यानं विचारला. माझ्या लेखी तिथंच निम्मा निकाल लागला. भाऊंची काळजी रास्त आहे, बिल, लिखापढी हे सगळं पाहिजे, पण ते चौथ्याकडूनही करून घेता येतं. ज्याला रोगच बघायचा नाही त्याच्याकडून मात्र छापील कागदावरही औषध घेऊन उपयोग नाही.

आपल्याकडं पाऊस नैऋत्येकडनं वाऱ्यासकट येतो, त्यामुळं पश्चिम आणि दक्षिण भिंत सगळा मार खाते. दुपारनंतरचं ऊनही पश्चिमेलाच. भिंत तापते, पावसाची सर आली की एकदम गार होते, असं पंचवीस-तीस वर्षं चाललं की प्लास्टर विटेपासनं सुटणारच. पण ओल आत पोचायला पाण्याला वाट लागते आणि ती वाट बहुतेक वेळा भिंतीच्या मधोमध नसते. मी सांगतो तिथं तिथं बघा.

सगळ्यात आधी गच्चीचा कठडा. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीच्या आत आहे की बाहेर, आणि माथ्यावर आडव्या-उभ्या भेगा आहेत का. माथा फुटला की पाणी कठड्याच्या विटेतनं सरळ खाली उतरतं आणि खालच्या खोलीत ओल दिसते, माणूस भिंतीला दोष देत बसतो. मग स्लॅब आणि कठड्याच्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर पट्टी, ती फुटलीय का. गवंड्यांनी पाणी तुंबवायला सांगितलं ते यासाठीच. आउटलेट बोळा घालून बंद करा, दोन इंच पाणी 48 तास ठेवा आणि आईंच्या खोलीत वरच्या कोपऱ्याला ओल वाढते का बघा.

दुसरं, छज्जे. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडायला खाच असते, ती नसेल किंवा रंगानं बुजली असेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालनं फिरून भिंतीला येतं. छज्ज्याच्या पोटात सळी गंजून प्लास्टर सुटलंय का तेही बघा.

तिसरं, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट आणि खिडकीच्या खालची फरशी. फरशी बाहेर उताराला पाहिजे आणि भिंतीच्या थोडी पुढं आलेली पाहिजे.

चौथं कुणी बघत नाही म्हणून मुद्दाम सांगतो, परांचीची भोकं. 1998 ला बांबू भिंतीत खोचून परांची बांधली असणार. प्लास्टर झाल्यावर ती भोकं शेवटच्या दिवशी घाईनं अर्ध्या विटेचा तुकडा आणि वर थोडा माल लावून बुजवतात. पंचवीस वर्षांनी तिथंच गोल गोल भेग दिसते. भिंतीकडं संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, एका ओळीत सारख्या अंतरावर डाग दिसले तर ती हीच भोकं.

आणि सगळी भिंत हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, हात पोचेल तिथपर्यंत आणि वर खिडकीतनं. टणक आवाज आला तर प्लास्टर धरून आहे, बद्द आवाज आला तर सुटलंय. सुटलेल्या भागाला खडूनं गोल करा. मग फोटो काढा आणि इथं सांगा.

त्या वॉटरप्रूफ पेंटबद्दल. सुटलेल्या प्लास्टरवर पेंट मारला की वरनं शिरलेलं पाणी आत कोंडतं, बाहेरनं वाळायची वाट बंद झालेली, मग ते आतल्या बाजूनं निघतं. दुसऱ्या पावसाळ्यात जास्त ओल आली ती त्यामुळं. पेंट वाईट नव्हता, जागा चुकली.

राजारामपुरी_12वी_गल्ली:
भावा गॅरंटीच्या नादाला लागू नगंस. आमच्या दाजींनी दहा वर्षांची गॅरंटी घेतलेली, कागद बी हाय, पण कागदावर काय लिवलंय तर पेंटच्या मटेरियलची गॅरंटी, भेगा, गळती, जुनं प्लास्टर सुटणं ह्यातलं काय बी धरलेलं न्हाई. चार वर्षांनी भिंत गळाली तर म्हंतोय मटेरियल चांगलंच हाय, भिंत तुमची खराब. गॅरंटी घेतलीस तर त्यात कुठली जागा, कशाची, आणि गळालं तर कोण स्वतःच्या खर्चानं करून देणार हे लिवून घे, न्हाईतर ते कोटेशन बाजूला ठेव. आणि निम्मे पैसे आधी अजिबात न्हाई. अजिबात.

माहेर_शिवाजीपेठ:
थोडा वेगळा अनुभव सांगते कारण अशा धाग्यांवरनं लोक जुन्या घरांनाही हेच लागू करतात. माझं माहेर शिवाजी पेठेत, खालचा मजला पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचा आणि वर विटेचं काम. भावानं हौसेनं बाहेरून सगळीकडं सिमेंट प्लास्टर करून घेतलं. मातीची भिंत जमिनीतनं ओल घेते आणि अंगावरनं सोडते, वरनं सिमेंटचं कवच बसल्यावर तिला सोडायला जागाच राहिली नाही. तीन वर्षांत ते प्लास्टर पाटीएवढ्या तुकड्यांनी पडायला लागलं आणि पडताना भिंतीची माती घेऊन पडलं. नंतर ते उतरवून चुन्याचा गिलावा केला तेव्हा थांबलं. चुन्यात काम करणारा गवंडी शोधायला आम्हाला दोन महिने लागले पण तो मिळाल्यावर घर वाचलं. कळंबारोडकर, तुमचं विटेचं आणि सिमेंटचं आहे म्हणून तुम्हाला हा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचा पेठेत जुना वाडा असेल तर कृपा करून सिमेंट लावायच्या आधी भिंत कशाची आहे ते बघा.

कळंबारोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबा काका, तुम्ही सांगितलं तसं रविवारी मी आणि भावानं सगळं केलं. पाणी 48 तास तुंबवलं, वाटा दोन ठिकाणी फुटलाय आणि आईच्या खोलीत वरच्या कोपऱ्यात ओलीचा डाग दुसऱ्या दिवशी हातभर वाढला, पाऊस नसताना! कठड्याचा माथा बाहेर उताराला आहे आणि मधे लांब भेग आहे. परांचीच्या भोकांचे डाग पण दिसले, दोन ओळी, एका ओळीत पाच. ठोकून बघितलं तर वरच्या मजल्याचा जवळजवळ निम्मा भाग बद्द वाजतोय, खालचा बराचसा टणक आहे. आणि स्लॅबच्या बीमखाली भिंतीच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत सरळ आडवी भेग आहे. ती बघून आई घाबरली, घराला काही धोका आहे का?

आता प्रश्न असे की फक्त सुटलेला भाग करावा की पूर्ण भिंत, लेबर रेटनं करावं की मटेरियलसकट, आणि मटेरियल मी आणायचं तर काय आणि किती?

ओळंबा:
आईंना सांगा घाबरायचं कारण नाही. बीमखालची सरळ आडवी भेग बहुतेक घरात असते. काँक्रीट आणि वीट उन्हानं वेगवेगळी फुगतात-आकसतात, 1998 च्या सुमाराला त्या सांध्यावर तारेची जाळी मारायची पद्धत आपल्याकडं सरसकट नव्हती, म्हणून सांधा उघडतो. काळजी करायची ती तिरक्या भेगांची, खिडकीच्या कोपऱ्यातनं 45 अंशात निघून वाढत जाणाऱ्या किंवा विटेतनं आरपार आतही दिसणाऱ्या. तशी एखादी असेल तर भेगेच्या टोकाला पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा आणि महिन्यानं बघा. रेघेच्या पुढं सरकली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय प्लास्टरला हात लावू नका.

निम्मा वरचा मजला पोकळ असेल तर वरचा पूर्ण उतरवा. ठिगळं लावली की प्रत्येक ठिगळाचा सांधा ही पाण्याला नवीन वाट. खालच्या भागात एखाद-दुसरी जागा असेल तर चौकोनी कापून तेवढीच करा, पण तिथं आधी तो जुना वॉटरप्रूफ पेंट पूर्ण घासून काढायला पाहिजे, पेंटवर माल धरत नाही.

क्रम महत्त्वाचा. कठड्याचा माथा गच्चीच्या आत उतार देऊन, वाटा नवीन, छज्ज्यांची खाच, हे सगळं आधी आणि भिंत शेवटी. उलटं केलंत तर नवीन प्लास्टर आतनं भिजणार.

मटेरियल. तुम्हाला रोज साइटवर थांबायला जमत असेल तर लेबर रेट चांगला, सिमेंट-वाळू तुमच्या नजरेसमोर राहते. जमत नसेल तर मटेरियलसकट द्या पण पोती मोजा. हिशेब सांगतो. भिंत 528 फूट म्हणजे सव्वापाच ब्रास. दोन हातांचं मिळून 20 मिमी प्लास्टर, 1:4 माल म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, विटांच्या सांध्यात जाणारा आणि वाया जाणारा धरून ब्रासला दीड ते पावणेदोन पोती सिमेंट लागतं. म्हणजे पूर्ण भिंत केली तरी आठ ते दहा पोती. वाळू अर्ध्या ब्रासच्या आसपास. इथं लोकांचा घोळ होतो म्हणून सांगतो, प्लास्टरचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट आणि वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, दोन्ही वेगळे. कुणी तुम्हाला या भिंतीला वीस पोती सांगितली तर कुठं जाणार ते विचारा.

नदीची वाळू मिळतच नाही, क्रश सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्यावी लागणार. पण प्लास्टरची धुतलेली क्रश सँड मागा, काँक्रीटची नको आणि खडीक्रशरची डस्ट तर मुळीच नको. डस्ट जास्त झाली की प्लास्टर वाळताना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, त्याला मग लोक सिमेंटला दोष देतात. घरी बघायचं तर काचेच्या बरणीत निम्मी वाळू, वर पाणी, चमचाभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर मऊ गाळाचा थर बसेल, तो वाळूच्या उंचीच्या शंभरात आठपेक्षा जास्त असेल तर गाडी परत पाठवा.

मोजमापाचं आधी ठरवा. खिडक्या वजा करायच्या की नाही यावर शेवटच्या दिवशी भांडणं होतात. भारतीय मानकाच्या पद्धतीत अर्धा चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत आणि त्याच्यावर 3 चौरस मीटरपर्यंतची एकाच बाजूनं वजा करतात. तुम्ही काहीही ठरवा पण कागदावर लिहून दोघांनी सही करा.

साइट_इंजि:
ओळंबा सरांचं बहुतेक सगळं पटलं. दोन गोष्टी जोडतो. एक, आता रेडीमिक्स प्लास्टर पोत्यात मिळतं, फक्त पाणी घालायचं, वाळूची कटकट नाही आणि प्रमाण सारखं राहतं. महाग पडतं पण सव्वापाच ब्रासच्या कामाला फरक झेपण्यासारखा आहे. दोन, टेक्स्चरवाल्याला सरसकट मोडीत काढू नका. नवीन प्लास्टर चांगलं वाळल्यावर, निदान 28 दिवसांनी, चांगल्या प्रतीचं बाहेरचं टेक्स्चर किंवा इलॅस्टोमेरिक कोट मारला तर बारीक भेगांवर तो ताणला जातो आणि भिंत बरीच वर्षं टिकते. जुन्या पोकळ भिंतीवर मारणं हीच चूक.

मालात वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालायलाच पाहिजे, पोत्याला 200 मिली वगैरे डब्यावर जे लिहिलंय ते.

ओळंबा:
रेडीमिक्सचं मान्य, छोट्या कामाला बरं. कंपाउंड घाला, माझी ना नाही, पण त्याच्या भरवशावर पाणी मारायचं कुणी टाळू नये एवढंच. मी अशा भिंती बघितल्यात जिथं कंपाउंडचे डबे नीट मोजून घातले आणि पाणी दोनच दिवस मारलं. प्लास्टर हाताच्या नखानं खरवडलं जात होतं.

पंचगंगाकाठ:
आमचं घर खालच्या भागात, 2019 ला आणि परत 2021 ला पाण्यात गेलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांचा इशारा आला की आम्ही सामान वर नेतो, 43 चा धोका झाला की स्वतः निघतो. पुराच्या प्लास्टरबद्दल लिहायचं राहू नये म्हणून लिहितोय. 2019 ला पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांत घाईनं प्लास्टर दुरुस्त करून रंग मारला, गणपती होते म्हणून. भिंत आतनं ओलीच होती, वर रंगाचं कवच, सहा महिन्यांत पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, बाहेर फुटला आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत सगळं पडलं. 2021 ला शहाणे झालो. पाण्याच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंतचं सगळं प्लास्टर उतरवलं, विटा उघड्या ठेवल्या, ब्रशनं लोणा झाडत राहिलो, धुतला नाही कारण पाण्यानं मीठ परत आत जातं, आणि तीन महिने उघडं घर घेऊन राहिलो. पाहुणे काय म्हणतील याचा विचार केला नाही. ते प्लास्टर आजही धरून आहे. कळंबारोडकर, तुमच्या वरच्या मजल्याचं उतरवलं की लगेच दुसऱ्या दिवशी नवीन लावू देऊ नका, गवंडी घाई करतील, पण विटा आधी वाळू द्या.

दूरदेशी_कोल्हापूरकर:
मी मूळचा टाकाळ्याचा, आता कॅलिफोर्नियात. इथल्या घरांना स्टक्को असतो, दिसायला आपल्या सँडफेससारखाच पण आतनं पूर्ण वेगळा. लाकडी सांगाडा, त्यावर डांबरी कागद, कागदावर तारेची जाळी आणि जाळीवर सिमेंटच्या मालाचे तीन हात मिळून पाऊण इंचाच्या थोडं वर, सात अष्टमांश इंच. इथं धरूनच चालतात की थोडं पाणी आत जाणार, म्हणून कागदावरनं ते घसरत खाली येतं आणि तळाला लोखंडी पट्टीतनं बाहेर पडतं. ती पट्टी मातीपासनं चार इंच आणि फरशीपासनं दोन इंच वर ठेवायचा नियम आहे. लोक बागेची माती भिंतीला लावून चढवतात, पट्टी बुजते आणि लाकूड आतनं कुजतं. माझ्या घराच्या आधीच्या मालकानं तेच केलं होतं, मला एका खिडकीखालचं सगळं लाकूड बदलावं लागलं.

हे सांगायचं कारण, भारतातनं लोक इथले व्हिडिओ बघून तेच उपाय आपल्या विटेच्या भिंतीला करतात. आपल्या भिंतीत मागं कागद नाही, पाणी बाहेर पडायला पट्टी नाही, आपली भिंत भिजते आणि वाळते. पण एक गोष्ट दोन्हीकडं चालते, भिंतीच्या पायाशी माती किंवा कुंड्या चिकटवून ठेवू नका आणि झाडाला पाणी घालताना पाईपचा फवारा भिंतीवर नको.

आणि ॲडव्हान्सचं. इथं राज्याचा कायदाच आहे की घरदुरुस्तीच्या कामाला कॉन्ट्रॅक्टरनं आधी घ्यायचे पैसे एकूण रकमेच्या 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढेच. प्लास्टरवाल्याला वेगळं लायसन्स लागतं आणि त्याचा नंबर सरकारी साइटवर घालून तक्रारी आहेत का बघता येतात. आपल्याकडं गवंड्याला तसं काही नाही, त्यामुळं त्याची आधीची कामं स्वतः जाऊन बघणं हेच आपलं लायसन्स. नवीन काम बघू नका, तीन पावसाळे काढलेलं बघा.

कळंबारोडकर:
ठरलं. चौथ्या गवंडीकाकांनाच काम देतोय. दूरदेशी, तुम्ही सांगितलं तसं त्यांची जुनी कामं विचारली, त्यांनी जवाहरनगर आणि पाचगाव अशी दोन घरं सांगितली, पाचगावचं पाच पावसाळ्यांचं. मी आणि भाऊ दोघं जाऊन बघून आलो, त्या घरच्या वहिनी म्हणाल्या काम संपल्यावर पुढच्या पावसाळ्यात ते आपणहून येऊन भिंत बघून गेले. भाऊ त्यावरच तयार झाला.

पैशाचं असं ठरलं. सुरुवातीला परांची बांधायला 10 टक्के, गच्ची-कठड्याचं झाल्यावर 25, पहिला हात झाल्यावर 25, दुसरा हात आणि पाणी मारून झाल्यावर 30 आणि शेवटचे 10 टक्के पुढच्या आषाढात दोन मोठे पाऊस झाल्यावर. शेवटच्या अटीला मला वाटलं ते नाही म्हणतील, पण म्हणाले चालेल, मी जातोय कुठं. वहीत सगळं लिहिलं, मोजमाप कसं ते पण, दोघांच्या सह्या झाल्या.

बीमखालच्या भेगेवर जाळी किती रुंद घ्यायची? आणि काँक्रीटच्या भागावर माल धरत नाही म्हणतात त्याला काय करायचं? आणि परांचीवरनं कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, हे विचारायचं राहून गेलं.

ओळंबा:
छान ठरवलंत. जाळी सांध्याच्या दोन्ही बाजूला सहा-सहा इंच गेली पाहिजे, खिळ्यांनी ताठ ठोकलेली, फुगलेली नको. बीम-कॉलमच्या काँक्रीटला छिन्नीनं दाट टोचे मारून घ्या आणि माल लावायच्या आधी सिमेंटची पातळ रबडी मारा. विटांचे सांधे अर्धा इंच खोल कोरून घ्यायचे, आदल्या दिवशी भिंत भिजवायची. पहिला हात 12 ते 15 मिमी, त्यावर ओल्यातच आडव्या नागमोडी रेघा ओढायच्या म्हणजे दुसरा हात धरतो. निदान आठवडाभर पाणी मारून मग दुसरा हात. पाणी घातलेला माल तासाभरात संपला पाहिजे, जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला माल जेवून आल्यावर परत पाणी घालून वापरू देऊ नका, तिथं थोडं कडक राहा. आणि वरनं कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत करायची सवय असते काहींना, तेही नको, त्यानं वरचा पापुद्रा वेगळा होतो.

पाणी दुसऱ्या हातानंतर दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, पश्चिमेची भिंत म्हणून दुपारी तीननंतर एकदा जास्त.

परांचीचं बरं झालं विचारलंत. कायद्यानं कामगाराची जबाबदारी मालकापर्यंत येऊ शकते, त्यामुळं ठेकेदारानं कामगारांचा विमा काढलाय का विचारा, नसेल तर 22 फुटांच्या कामाला अल्पमुदतीचा विमा काढा, त्याचा खर्च तुम्ही उचला. भिंतीत भोकं न पाडता खांबांच्या दोन ओळींची परांची बांधायला सांगा, भाड्याची लोखंडी मिळते, बांबूपेक्षा थोडे जास्त पैसे जातील. हेल्मेट आणि दोर ठेवा. माणूस पडला तर प्लास्टर कितीही चांगलं झालं तरी घराला बरं वाटत नाही.

कळंबारोडकर:
काम संपत आलंय म्हणून कळवतोय. विटा आम्ही बारा दिवस उघड्या ठेवल्या, पंचगंगाकाठ यांचं ऐकून. उतरवताना परांचीच्या एका भोकात हात घातला तर आत मूठभर ओली माती आणि विटेचा चुरा होता, नोव्हेंबर संपत आला तरी ओली. लोखंडी परांची मिळाली पण एका बाजूला शेजाऱ्यांच्या कंपाउंडमुळं बसली नाही, तिथं बांबूच बांधावा लागला आणि चार भोकं पडली. काल दुसरा हात झाला. आई सकाळी सहालाच पाईप घेऊन खाली उभी असते, मी सांगितलं मी मारतो तर ऐकत नाही, म्हणते माझ्या खोलीची भिंत आहे. दोन फोटो टाकलेत, बघून काही चुकलं असेल तर सांगा.

ओळंबा:
फोटो मोठा करून बघितला. पोत एकसारखा आलाय, हात चांगला आहे त्यांचा. वरच्या छज्ज्याच्या उजव्या अंगाला, पाइपाच्या मागं, बांबूची दोन भोकं अजून उघडी दिसतात, चारपैकी दोनच भरलीत. परांची सोडायच्या आधी भरून घ्या, आतनं धुऊन, ओला माल दाबून दोन टप्प्यांत, आणि तेवढ्या जागेला वेगळं सात दिवस पाणी. एकदा परांची उतरली की तिथं परत कुणी चढत नाही.

कळंबारोडकर:
आत्ताच त्यांना फोन केला. उद्या सकाळी आधी तेच करतो म्हणाले.